खाटेमागची भिंत

१५ जून
महाडमध्ये दोन खोल्या आडनावापाशी अडल्या. आम्रपाली म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, आणि आडनाव सांगितलं की खोली नेमकी कालच कुणाला तरी दिलेली! बिरवाडीच्या भिकाजीकाकांनी मात्र काहीच विचारलं नाही. किल्ली दिली, वर फणसाचे गरे. सुहासला कंपनी जवळ, मला शाळा जवळ. आमच्या चार वर्षांच्या समीक्षानं खाटेवर उड्या मारून घर पसंत केलं. मी तर काकांवर बेहद्द खूश आहे.

६ जुलै
खाटेमागच्या भिंतीवर काळे ठिपके आलेत. पुसले की जातात, दोन दिवसांत परत हजर. समीक्षा खोकतेय. काका म्हणाले, कोकणात भिंतीला घाम येतोच गो, त्याला कोन काय करनार. खाट दुसरीकडे सरकवायला जागाही नाही.

२० जुलै
डॉक्टर म्हणाले, नुसत्या औषधानं भागणार नाही, आधी ती बुरशी घालवा. सुहासचा मित्र दीपेश वकील आहे. त्याचं म्हणणं, घर राहण्याजोगं ठेवणं हे मालकाचं काम, त्यात मेहेरबानी कसली? फोटो काढा, लेखी नोटीस द्या, आणि कुणी पाहून जाईपर्यंत भिंतीला रंग लागू देऊ नका. नोटीस मी नेते म्हणाले. काकांनी चहा दिला, घरातल्याच कपात. नोटीस पर्समध्येच राहिली. सुहासला सांगितलं, दिली.

३ ऑगस्ट
ठिपके एकमेकांना जुळत चाललेत. पोटाशी गुडघे घेतलेलं मूल, एक हात गालाखाली. समीक्षा अशीच झोपते. सुहास विचारतो, काकांचं उत्तर काय? मी म्हणते, मुदत मागितलीय. पोरीच्या छातीची घरघर ऐकत इतकं सहज खोटं बोलता येतं मला! स्वतःचीच शिसारी येते.

१७ ऑगस्ट
गणपती तोंडावर आलेत, काका सगळं घर रंगवून घेतायत. आमची भिंतही. दीपेशनं बजावलेलं आठवत होतं. पण काका हसत म्हणाले, मी कदी तुजं आडनाव इचारलं का गो? मग मीच ब्रश घेतला. रंगाऱ्याला ते मूल दिसायला नको. त्या मुलाच्या तोंडावरून ब्रश फिरला आणि अंगणातला समीक्षाचा खोकला मध्येच तुटला. मला हायसं वाटलं. हायसं!

२० ऑगस्ट
खोकला नाही. आवाजही नाही. नुसते ओठ हलतात. सुहास खूश, म्हणतो तुझ्या नोटिशीनं काम केलं. तिच्या केसांना ओल्या चुन्याचा वास —

२२ ऑगस्ट
खोकला भिंतीतून येतोय. भरदुपारी. कान लावला. आतून हाक आली, ‘आई’. समीक्षा खाटेवर बसून माझ्याकडे बघत होती, ओठ मिटलेले.

२३ ऑगस्ट
सुहासला सगळं सांगितलं, नोटिशीचंसुद्धा. माझ्याकडे बघवलं नाही त्याला. दीपेशला आणायला धावत गेला. खाट पुढे ओढून मी उलथन्यानं रंग खरवडतेय. तोंडापुरती जागा मोकळी झाली. हाताला तिचा श्वास लागतो — थंड —

काका दारात आलेत. रंगाचा दुसरा हात द्यायचाय म्हणतात. नको म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, या ना काका.

आत आलेत. डबा उघडलाय. भिंतीला पाठ लावून बसलेय, काय करू, लिहितेय. काका म्हणतात, जरा सरक गो पोरी. नको म्हण, आम्रपाली. एकदा नको म्हण. समीक्षा समोर खाटेवर, गप्प. आणि मागून, भिंतीतून, इवल्याशा ओल्या मुठीत माझी ओढणी —

सरकले मी. थोडीशीच. काकांना बरं वाटावं म्हणून —