दोरा तोडायचा दात

४ मार्च

झालं एकदाचं! सव्वाबाराला खुर्चीत बसले, दीडला उठले. वरचा पुढचा डावा दात. तीस वर्षं शिवणाचे दोरे तोडून तोडून त्याला खाच पडली होती, शेवटी मुळापासून चिरला. त्याच्या जागी आता हाडात एक स्क्रू आहे. स्क्रू! माझ्या मशीनला असतो तसा. वर तात्पुरता दात बसवलाय. सूनबाई म्हणाली, हा नुसता दिसायला आहे, चावायला नाही. चार महिने. तोवर हाड स्क्रूला धरून घेतं, मग कायमचा दात.

सगळं तिनेच केलं. ती ज्यांच्या दवाखान्यात काम करते ते मोठे डॉक्टर नुसते मागे हात बांधून उभे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकटीने बसवलेला हा तिचा पहिला इम्प्लांट. नीट बसला तर पुढचे सगळे तिच्याच हाती देणार म्हणाले. तिच्या कपाळावर घाम, माझ्या तोंडात तिची बोटं. मीच डोळ्यांनी तिला धीर देत होते!

बोलायला मनाई आहे. म्हणून इथे बडबड.

५ मार्च

ओठ असा सुजलाय की आरशात बघवत नाही. बर्फ रुमालात बांधून दिला — दहा मिनिटं ठेवा, दहा मिनिटं काढा — आणि घड्याळ घेऊन स्वतः समोर बसली. कापड बेतायच्या माझ्या कागदावर मोठ्या अक्षरांत नियम लिहून टाचणीने भिंतीला लावलेत. जोरात थुंकायचं नाही. नळीने ओढून प्यायचं नाही. गरम नाही, तिखट नाही. उद्यापासून कोमट मिठाचं पाणी तोंडात हळू फिरवायचं. उशाला दोन उशा. पुढच्या दातांनी काहीही तोडायचं नाही — याखाली दोन रेघा.

अक्षर छान आहे पोरीचं. डॉक्टर असून!

६ मार्च

सूप. केळं. सूप. वैताग.

८ मार्च

आज आरशात ओठ वर करून टाके बघितले. तीन आहेत. मधला जरा ओढलेला. माझ्या दुकानात कुणी असा टाका घातला असता तर उसवून परत घालायला लावला असता. संध्याकाळी तिला सांगितलं तसं. मला वाटलं रागावेल. इतकी हसली की भिंतीला टेकली! म्हणाली, हिरडीला इस्त्री करता येत नाही हो आई.

लग्नाला दीड वर्ष झालं. लेक बोटीवर, आठ-आठ महिने तोंड दिसत नाही. घरात आम्ही दोघी, आणि वागायचो पाहुण्यांसारख्या. चहा घेणार का? चालेल. संपलं बोलणं. आता रोज कामावरून येते, हात धुते, टॉर्च घेते, म्हणते, "आ करा." मग माझी हनुवटी धरते. माझी आई गेल्यापासून कुणी माझी हनुवटी धरली नव्हती. साठीला आलेल्या बाईने असं लिहू नये, पण मी दुपारपासून टॉर्चची वाट बघत असते.

१३ मार्च

टाके काढले. दुखलं नाही. खोटं — थोडं दुखलं.

क्ष-किरणाचा फोटो तिने मोबाईलमध्ये ठेवलाय. शेजारणीला दाखवला, लेकाला पाठवला, दूधवाल्यालाही दाखवायच्या बेतात होती. बारशाच्या बाळाचा दाखवावा तसा! लेकाने फोनवर विचारलं, यात आई कुठली आणि स्क्रू कुठला?

२ एप्रिल

काय करून बसले मी.

शाळेच्या गणवेशांची ऑर्डर आज द्यायची होती. बटणं हातानेच लावायची, मशीनच्या बटणावर माझा भरवसा नाही. सकाळपासून मान खाली घालून बसले. साडेअकराला जिभेला काहीतरी टोचलं. निळ्या दोऱ्याचं टोक. त्या दाताच्या फटीत.

हातात सुई तशीच राहिली. मागे बघितलं, एकवीस बटणं लावून झालेली. कात्री समोर, हाताच्या अंतरावर, आणि तिला मी हातही लावला नव्हता. म्हणजे एकवीस वेळा. तीस वर्षांची खोड! हात बटण लावतो, मान आपोआप खाली जाते, दात दोरा तोडतो. मला विचारत कोण?

उरलेली बटणं कात्रीने केली. आता काय उपयोग.

३ एप्रिल

टॉर्च मारून म्हणाली, हिरडी जरा लालसर दिसतेय. काही कडक खाल्लंत का? मी म्हटलं, नाही गं. मग ब्रश लागला का? म्हटलं, असेल बाई.

दोनदा विचारलं तिने. दोनदा खोटं बोलले. ती इतकी खुशीत होती, मोठे डॉक्टर तिला पुढच्या महिन्यात एक पेशंट देणार म्हणून. म्हटलं, एकवीस दोऱ्यांनी काय होतंय, लोखंडाचा स्क्रू आहे.

लोखंडाचा नाही म्हणे, टायटॅनियमचा. ते तिनेच मागे सांगितलं होतं.

११ एप्रिल

ठणकतोय. बारीक, पण ठणकतोय. तिला सांगितलं नाही. आज तिने माझ्यासाठी बटाटा इतका घोटला होता की एक गुठळी नाही. मला गिळवेना.

१६ एप्रिल

काढला. स्क्रूच हलत होता. तिने बोट लावलं आणि तिचा चेहराच उतरला. मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी बघितलं, म्हणाले, होतं असं कधी कधी. ती म्हणाली, "नाही सर. माझंच चुकलं. ड्रिल जास्त तापलं असणार, हाड भाजलं असणार."

माझ्या तोंडात कापसाचे बोळे. बोलता येत नव्हतं हे खरं. पण बोळे अर्ध्या तासाने काढले. त्यानंतरही मी बोलले नाही.

१७ एप्रिल

आज टॉर्च घेतला, तपासलं, पण हनुवटी धरली नाही.

२० एप्रिल

फोनवर लेकाशी बोलत होती, स्वयंपाकघरातून ऐकू आलं. पुढच्या महिन्याचा पेशंट तिने परत केला. सरांना सांगितलं, मी दात साफ करीन, सिमेंट भरीन, पण हाडाला हात लावणार नाही. माझ्या हातात ते नाही.

माझ्या हातात ते नाही! सात वर्षं शिकलेली पोर. आणि मी इकडे भांडी विसळत उभी. लाज वाटते मला स्वतःची. तिने मला वाईट म्हणू नये म्हणून गप्प आहे मी, दुसरं काही नाही. दीड वर्षाने कुठे माया लागली होती, ती जाईल याची भीती. जाऊ दे. उद्या सांगते.

२१ एप्रिल

सांगितलं. चहा झाल्यावर, ती पर्स उचलत असताना. आधी कितीतरी वाक्यं जुळवून ठेवली होती, सगळी पळाली.

म्हटलं, "त्या दाताने मी दोरा तोडला. दोन तारखेला. एकवीस बटणं."

तिने पर्स परत टेबलावर ठेवली. मग हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे माझा हात नव्हता चुकला?"

"नाही गं. तुझा हात नव्हता चुकला."

खुर्चीत बसली आणि रडली. मी पाठीवर हात ठेवला, तर ठेवू दिला. मला वाटलं, सुटलो दोघी. मग डोळे पुसले, उठली, आणि म्हणाली, "मी विचारलं होतं तुम्हाला. दोनदा." पर्स घेऊन गेली. दार हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

२२ एप्रिल

चहा घेणार का? चालेल.

२९ एप्रिल

रोज तपासते. एक दिवस चुकवत नाही. औषध, गुळण्या, हिरडीला कापसाने जेल, सगळं वेळच्या वेळी. फक्त बोलत नाही. चार महिन्यांनी हाड भरलं की पुन्हा बसवता येईल, एवढं सांगितलं. कोण बसवणार ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

७ मे

आज विचारलंच. म्हटलं, आता तर कळलं ना, हात चांगला आहे तुझा. मग पेशंट का घेत नाहीस? ताटातलं पुढे-मागे करत बसली. म्हणाली, अर्धं काम माझं असतं आई, अर्धं पेशंटचं. घरात, डोळ्यांसमोर असलेल्या माणसाने मला सांगितलं नाही. बाहेरच्याचं मी काय धरून चालू?

राग होता तो रास्तच होता. पण "आई" म्हणाली, तेवढं धरून मी दुपार काढली.

१८ मे

आज दुकानात तिचा फोन. आई, दवाखान्यात येता का? आत्ता. चप्पल उलटसुलट घालून पळाले.

खुर्चीत एक वयस्क सुतार. पुढचा दात बसवायचाय. जन्मभर खिळे दातांत धरून काम केलेलं, आणि म्हणतोय, चार महिने नाही धरणार, शब्द देतो. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही सांगा यांना."

सध्या घालते तो काढायचा-बसवायचा दात मी काढून हातात घेतला, ओठ वर करून खिंडार दाखवलं, आणि सांगितलं सगळं. बटणं, निळा दोरा, दोनदा खोटं बोलले तेही. दाराशी मोठे डॉक्टर उभे होते, त्यांच्यासमोर.

सुताराने माझ्या हातातला दात निरखून बघितला. मग विचारलं, आणि आता तुमचा कुणाकडून बसवणार?

मी तिच्याकडे बोट केलं. तिने हातमोजे चढवले.