पानं मी वाटली, नाव स्वयंपाकीणबाईंचं

चि. धाकटीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. तुझे गुडघे कुरकुरत असतील तर कुरकुरू देत, निदान ते जागेवर आहेत. माझं पोट गेले काही दिवस जागेवर नव्हतं. आता बरा आहे.

तुझं पत्र पोचलं. आमच्या वृद्धाश्रमातल्या स्वयंपाकीणबाई तुझ्या खाणावळीत काम मागायला आल्यात (पत्ता मीच दिला होता, बरे दिवस होते तेव्हा) आणि तू विचारतेस की, यांच्या हातचं खाऊन अख्खा आश्रम आडवा झाला म्हणतात, मग ठेवू का नको? सांगतो, पण आधी सगळं ऐक.

झालं असं, एका सकाळी माझ्या पोटात ढवळून आलं. मी कोणाला बोललो नाही, कारण दुपारी पत्त्यांचा डाव होता आणि मी जिंकत होतो. (जिंकणाऱ्या माणसाला जुलाब होत नाहीत असं माझं मत होतं.) लवकरच आमच्या मजल्यावर संडासापुढे रांग लागली. निवृत्त स्टेशनमास्तर, ज्यांनी जन्मभर लोकांना ताटकळत ठेवलं, ते दारावर थापा मारत होते. मुख्याध्यापिकाबाई बादली घेऊनच फिरायच्या. हसू नकोस, त्यांना पुढे सलाईन लावावं लागलं. मग दोष कोणाचा? स्वयंपाकघराचा! मॅनेजरकडे तक्रार घेऊन गेलो, त्यात सगळ्यांत पुढे मी. स्वयंपाकीणबाई एवढंच म्हणाल्या, "काका, तेच जेवण मीही जेवले." आणि पिशवी उचलून निघून गेल्या.

नंतर डॉक्टर आले. अंथरुणाला खिळलेली मंडळी तेच जेवून ठणठणीत आणि पत्त्यांच्या टेबलावरचे तेवढे आडवे, हे काय गौडबंगाल, असं म्हणत ते माझ्या खोलीत शिरले. मी पलंगावर एकटाच पत्त्यांचा पेशन्स लावत होतो. अंगठा जिभेला, पान खाली. अंगठा जिभेला, पान खाली. (वडिलांची सवय, तुलाही आहे.) डॉक्टर बघतच राहिले. "आजोबा, पानं नेहमी तुम्हीच वाटता का?" मी अभिमानाने हो म्हणालो. मग त्यांनी समजावलं की ही साथ जेवणातून आलेली नाही, हातातोंडातून पसरली आहे.

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ना, इथे तर चोरच न्यायाधीश झाला होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅनेजरला आणि टेबलावरच्या सगळ्यांना खरं सांगून टाकलं. स्टेशनमास्तर हसले, मुख्याध्यापिकाबाई अजून बोलत नाहीत. ज्यांना सांगायला हवं होतं त्या बाई मात्र इथे नाहीत. चुकलो गं.

तुझा,
दादा

ता. क. तेव्हा उत्तर असं: बाईंना ठेवू नकोस, परत पाठव. मॅनेजर घ्यायला तयार आहेत, आणि नव्या आचाऱ्याच्या हातचं खाण्यापेक्षा साथ बरी होती.

ता. क. दुसरा. वरचं खोड. पुन्हा मी माझ्याच पोटाचं बघितलं. त्यांनाच विचार. यायचं असेल तर मी फाटकात उभा राहीन; तुझ्याकडे राहायचं असेल तर डोळे झाकून ठेव. आणि हे पत्र त्यांना वाचून दाखव, कंस सोडून.

ता. क. शेवटचा. पाकीट नर्सबाईंनी डिंकाने चिकटवलंय, मला जीभ लावू दिली नाही. पानंही आता स्टेशनमास्तर वाटतात. मी हात धुऊन नुसती उचलतो, आणि रोज हरतो.