पुढच्या सीटवरचा गारवा

११ एप्रिल

तीर्थस्वरूप वन्संना,
भावजयीचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक. ऊन मात्र असं तापलंय की गॅरेजच्या पत्र्याखाली बसलं की आपणच दोरीवर वाळत घातलेले कपडे आहोत असं वाटतं. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेलं तेल लावता, की बाटली नुसती खिडकीत उभी आहे? मी ओळखते तुम्हाला.

सध्या एका जुन्या गाडीचं काम चालू आहे. गाडी कसली, दिवाणखानाच तो. लांब इतकी की पुढचं चाक वळल्याची बातमी मागच्याला उशिरा कळावी. एका डॉक्टरबाईंनी ती कुणाच्या तरी गोदामातून उचलली. सीटा आणि छताचं आतलं कापड माझ्याकडे, आणि बंद पडलेला एसी पुन्हा चालू करायचं काम आमच्या थंडोबांकडे. हे त्यांचं खरं नाव नव्हे बरं. जुन्या गाड्यांचे एसी दुरुस्त करतात आणि स्वतः कधी तापत नाहीत, म्हणून गॅरेजभर हेच नाव पडलंय. छप्पर कोसळलं तरी हा माणूस आधी चष्मा पुसेल.

चहाला बसलं की त्यांच्याकडून एकेक ऐकायला मिळतं. आपल्याला वाटतं, गाडीतला गारवा म्हणजे बटण दाबलं की झालं. पण पूर्वी म्हणे खिडकीला बाहेरून एक नळकांडं अडकवायचे. त्यात पाणी आणि ओलं गवत. गाडी पळाली की त्यातून वारा गार होऊन आत यायचा, आणि गाडी थांबली की गारवाही थांबला. मग खरं यंत्र आलं, तर ते एवढं धिप्पाड की अर्धी डिकी त्यानेच खाल्ली. मोठ्या हौसेने गारवा घ्या आणि बॅगा मांडीवर घेऊन बसा. शिवाय त्या पहिल्या यंत्रांना बंद करायचं बटणच नव्हतं. फारच गार झालं तर गाडी थांबवायची, बॉनेट उघडायचं आणि इंजिनवरचा पट्टा हाताने काढून ठेवायचा.

इथे मी त्यांना थांबवलं. म्हटलं, पट्ट्याचं मला सांगू नका, ते मी घरात बघितलंय.

आठवतं ना वन्सं? ह्यांच्या मालकांची ती वडिलोपार्जित गाडी. मागे मालक शाल पांघरून आणि पुढे हे घामाने निथळत. "मागे हिवाळा, पुढे उन्हाळा, आणि पगार मात्र एकाच ऋतूचा," असं म्हणायचे. मालकीणबाईंना हुडहुडी भरली की भर उन्हात उतरून पट्टा काढायचा. अंगठ्याजवळचा तो भाजल्याचा डाग तुम्हीच मलम लावून बरा केलात. आणि शर्टाच्या पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे. तुमच्याकडे राहायला आलो की शर्ट धुताना तुम्ही म्हणायचात, "याच्या बायकोला मीठ विकत आणायला नको."

डॉक्टरबाईंची गाडी त्यानंतरची, हिला बटण आहे. मागच्या सीटच्या पाठून दोन पारदर्शक पाईप वर जातात आणि छताच्या कापडाआडून गार वारा सोडतात. कुठे सोडतात, तर मागे बसलेल्यांच्या मानेवर. ड्रायव्हर तेव्हाही कुणाच्या खिजगणतीत नव्हता.

आता माझी फजिती ऐका. छताचं जुनं कापड उतरवून मी त्याचाच नमुना घेतला, नवं शिवलं, ताणून बसवलं. कुठे सुरकुती म्हणून नाही. थंडोबा वाऱ्याच्या जाळ्या घेऊन आले, वर बघितलं, "सुरेख झालंय" म्हणाले आणि स्टुलावर बसून राहिले. जाळ्या तशाच मांडीवर. मग माझी ट्यूब पेटली. एसी बंद पडल्यावर कुणीतरी कधीतरी साधं कापड लावून टाकलं होतं, आणि मी त्याचीच नक्कल केली होती. वारा बाहेर यायला एकही भोक नाही. गाडीचं छत मी चक्क आंधळं शिवलं होतं.

भोकं पाडायला हात धजेना. ताणलेलं कापड चुकीचं कापलं की सगळं उतरवा. थंडोबा म्हणाले, "घाई नाही, तुमचा हात धजेल तेव्हा." शेवटी खडूने खूण केली आणि पहिलं भोक पाडलं, तर ते भलतीकडेच. मागच्या सीटऐवजी पुढे, ड्रायव्हरच्या डोक्यावर. असं कसं झालं देव जाणे. हात चुकला.

थंडोबांनी निभावून नेलं. त्यांचं म्हणाल तर माणूस बरा आहे. डबा स्वतः करून आणतात.

सहज विचारते. पुढच्या महिन्यात इकडे येणं जमेल का? काम काही नाही. म्हणजे आहे, पण पत्रात लिहिण्यासारखं नाही.

तेल लावा.

तुमची भावजय


२४ एप्रिल

तीर्थस्वरूप वन्संना,
पुन्हा नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. "गुडघा बरा. काम काय ते स्पष्ट लिही." एवढंच. तुमच्यापुढे आडून आडून बोलायचं म्हणजे परीक्षकालाच कॉपी दाखवायची.

तरी आधी गाडीचं सांगते, म्हणजे मला धीर येईल.

त्या भोकाचं मी तुम्हाला अर्धंच लिहिलं होतं. हात चुकला नव्हता, मन गेलं होतं. खूण करायला मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले, हात स्टीअरिंगवर ठेवला आणि मला तुमचा भाऊ दिसला. मान पुसणारा, रुमाल पिळून खिडकीत वाळत घालणारा. कधी खडू फिरला आणि कधी कात्री चालली, कळलंच नाही. कळलं तेव्हा मी रडकुंडीला आले होते. थंडोबांनी विचारलं, काय झालं. एरवी मी कुणाला सांगितलं नसतं, पण त्यांना सगळं सांगितलं. मिठाचे नकाशे, पट्टा, अंगठ्याजवळचा डाग, सगळं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "तुमच्या यजमानांच्या डोक्यावर वारा हवा होता ना? मग भोक बरोबर जागी पडलंय. चुकलाय तो माझा पाईप. तो मी पुढे आणतो."

आणि आणला. कापडाआडून, माझी एक शिवणही न उसवता. मागची भोकं मग मी एकेक करून बरोबर जागी पाडली.

गॅरेजमालक डोक्याला हात लावून बसले. जुनी गाडी जशी होती तशीच हवी असते लोकांना, बाई रागावल्या तर काय करायचं? म्हटलं, लपवायचं काही नाही, मीच सांगते. डॉक्टरबाईंना फोन लावून सगळं सांगितलं. त्या हसत सुटल्या. म्हणाल्या, "अहो, गाडी मीच चालवणार आहे. मागे सासूबाई. त्यांना तसंही वारं सोसत नाही." काळ बघा कुठून कुठे आला, वन्सं. मालकीणच पुढे बसते.

मागचं पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. गाडी द्यायच्या आधी चक्कर मारून बघायची होती. थंडोबा चालवायला बसले आणि मला म्हणाले, "तुम्ही मागे बसा, मानेवर वारा येतो का सांगा." मी आयुष्यात पहिल्यांदा अशा गाडीत मागे बसले. वारा आला. असा आला की मी पदर घट्ट ओढून घेतला आणि मालकांच्या शालीवर केलेले सगळे विनोद परत घेतले. दुपारची वेळ, रस्ता नुसता भाजत होता. आम्ही नदीवरच्या पुलापर्यंत जाऊन आलो.

परत येताना माझं लक्ष समोर गेलं. थंडोबांच्या शर्टाची पाठ कोरडी होती.

त्या कोरड्या पाठीकडे बघून मला रडू फुटलं. ह्यांची आठवण आली हे खरं. पण खोटं कशाला लिहू, फक्त त्यानेच नाही. या माणसाची पाठ अशीच कोरडी राहावी, तो सुखात असावा, असं मला फार आतून वाटलं, आणि ते वाटल्याचीच भीती वाटली.

त्यांनी गाडी कडेला घेतली. मागे वळले नाहीत, आरशातही बघितलं नाही. तसेच समोर बघत म्हणाले, "दुनियेला गारवा पुरवतो, पण माझ्या घरात एकट्याला पंखासुद्धा जास्त होतो. तुम्ही याल का?" लग्न त्यांनी केलंच नाही, आजारी आईचं करण्यात वर्षं गेली. मी म्हटलं, विचार करून सांगते. विचार कसला करायचा होता. उत्तर तोंडात होतं, फक्त ते आधी तुम्हाला सांगायचं होतं.

झालं. लिहिलं एकदाचं.

ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली. माझे आई-वडील तर त्याआधीच गेले. या सहा वर्षांत मला "जेवलीस का" असं विचारणारं माणूस एकच, तुम्ही. तुमच्या भावाला तुम्ही कडेवर वाढवलंत. त्याच्या बायकोने दुसऱ्याचं नाव लावायचं म्हटलं तर तुमच्या जिवाला काय वाटेल, याने माझी झोप गेली आहे. लोक काय म्हणतील याची मला फिकीर नाही. तुम्ही माझ्याशी बोलणं सोडलंत तर मात्र मी कुठेच जाणार नाही. थंडोबांना तसं सांगितलंय. ते म्हणाले, "बरोबर आहे. थांबू." तो माणूस थांबण्यात पटाईत आहे.

नोंदणी कचेरीत पुढच्या महिन्यातला दुसरा गुरुवार मिळतोय. साक्षीदाराची सही लागते. माझ्या बाजूने सही करायला माझं असं कोणी नाही. ते काम हे होतं.

तुम्ही नाही म्हणालात तरी गुडघ्याला तेल लावा.

तुमची भावजय, अजून तरी


३० एप्रिल

चि. सौ. होऊ घातलेलीस,
अनेक आशीर्वाद.

दोन्ही पत्रं पोचली. दुसरं लिहायची गरज नव्हती. पहिल्या पत्रात गाडी कमी आणि थंडोबाच जास्त होता. "डबा स्वतः करून आणतात" हे वाक्य वाचलं आणि मी शेजारणीला सांगून टाकलं, आमच्याकडे लग्न आहे. मी वाट बघत होते तू कधी तोंड उघडतेस याची. म्हणून तर कार्ड लिहिलं. तू मात्र झोप उडवून घेतलीस. शहाणी आहेस अगदी.

मला वाईट वाटलं का? वाटलं. रात्री त्याचा फोटो पुसला आणि थोडी रडले. पण ते तो नाही म्हणून, तुझ्यामुळे नव्हे. माझ्या भावाच्या पाठीवरचं मीठ मी या हातांनी धुतलंय. त्याच्या डोक्यावर वारा यावा म्हणून ज्या माणसाने कुणी न सांगता पाईप पुढे ओढला, त्याला मी काय नाही म्हणू? माझ्या भावासाठी तेवढं त्याच्या मालकाने कधी केलं नाही.

त्या गुरुवारी येते. गुडघा बरा आहे, तेल लावते (कालपासून). बसस्टॉपवर न्यायला त्यालाच पाठव, बघून घेते. आणि डॉक्टरबाईंची गाडी एका फेरीपुरती मिळत असेल तर विचार. मी पुढे बसणार. मागे बसून मान आखडून घ्यायची मला हौस नाही.

सही करीन, पण एका अटीवर. वन्सं म्हणायचं आता बंद. नवऱ्याची बहीण म्हणून मी त्या कचेरीत पाऊल टाकणार नाही. तुझं असं कोणी नाही म्हणून लिहिलंस, ते वाचून मला तुझा राग आला. एवढी वर्षं मी कोण होते? ते पत्र मी फाडून टाकलंय. नव्या घरी कधी रुसलीस, भांडलीस, थकलीस, तर बॅग उचलायची आणि सरळ इकडे यायचं. मुली जातात तसं.

जेवत जा वेळेवर.

तुझ्या माहेरहून,
ताई