ळ न येणारी बाई

मंगळवार, संध्याकाळ

वैताग! पहिलीला ळ शिकवायला आठवडाभर मोबाइलवर व्हिडिओ शोधतेय. एकात मधेच कर्जाची जाहिरात, दुसऱ्यात नुसता नाच. आज एक बरा वाटला म्हणून वर्गातल्या टीव्हीवर लावला, तर त्यातली मशीनच्या आवाजाची बाई म्हणते, "बाल, फल, शाला!" ळ शिकवणारीलाच ळ येईना? वर मुख्याध्यापक दारातून म्हणतात, "चालू द्या की बाई, चित्रं लई भारी हायत." चित्रांचं काय लोणचं घालू?

चिडून बंद करणार, तेवढ्यात पद्मा उठली. घरी तेलुगू बोलणारी, वर्गात कधीच तोंड न उघडणारी. टीव्हीवर ओरडली, "शाला न्हाय, शाळा! म्हण, शाळा!" तिच्यामागून अख्खा वर्ग ओरडला.

मी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.