अकराव्या खिशाचं जाकीट

केप कॉड,
९ जून, भरतीला दोन तास अवकाश

ती. विनीताईस,

धाकट्या लेमचा नमस्कार. (वाकून केला असता, पण हल्ली वाकलो की उठायला लोइसला हाक मारावी लागते.) तुझे गुडघे कसे आहेत? अ‍ॅरिझोनाच्या कोरड्या हवेत ते बरे राहतात हे वाचून आनंद झाला. पण जिथे पाणी फक्त नळाला येतं, तिथे बरे गुडघे घेऊन माणसानं जायचं कुठे, हे मला अजून कळलेलं नाही. हॅरल्डभावोजी गेल्याला सहा वर्षं झाली, आता तरी... असो. इकडे सगळं क्षेम आहे. तुझ्या भावजयीची, लोइसची, तब्येत उत्तम, आवाज त्याहून उत्तम. माझं मात्र काही खरं नाही. (आत्ताच उठून वारा बघून आलो. नैऋत्येचा आहे. बसतो.)

ताई, लायलॅक फुलून गळूनही गेला. म्हणजे पट्टेवाले बास मासे खाडीत येऊन महिना झाला, हे तुला सांगायला नको. या दिवसांत मी दरसाल कमरेइतक्या पाण्यात असतो, हातात गळाची छडी, दोराच्या टोकाला पिसांची खोटी माशी, आणि जगाशी काही देणंघेणं नाही. यंदा जातो, दोनदा दोर फेकतो आणि घरी येतो. घरी येतो तो पुन्हा निघतो. लोइस म्हणते, तुझ्या पायाला भिंगरी लागली आहे, निदान येता-जाता अंगणातलं गवत तरी काप. तिला काय जातंय बोलायला! हे सगळं तिच्याचमुळे झालं.

बाबांचं खाकी जाकीट तुला आठवतं ना? माझ्या विसाव्या वाढदिवशी त्यांनी अंगातून काढून मला दिलं होतं, तेच. डावी बाही गळ अडकून फाटलेली, छातीवर मेंढीच्या कातड्याचा तुकडा, त्यात टोचलेल्या माश्या, आणि एकूण खिसे अकरा. ते मी कधी धुतलं नाही. (धुतलेल्या जाकिटाला मासा ओळख देत नाही.) चौथ्या खिशात एकदा एक हेरिंग मासळी काही आठवडे राहून गेली, पण ती माझी चूक नव्हती, खिसा खोल आहे. अकरावा खिसा आतून, गळ्याजवळ. त्याचं पितळी बटण गंजून कापडात रुतलंय, त्यामुळे तो उघडत नाही. उघडूही नये. त्याचं पुढे सांगतो.

तर मे महिन्याच्या साफसफाईत लोइसनं हे जाकीट कचरा डेपोवरच्या देवघेवीच्या शेडमध्ये नेऊन ठेवलं. मी जाब विचारला तर म्हणाली, "मी कुठे नेलं? ते आपणहून चालत गाडीपर्यंत आलं, मी फक्त दार उघडलं." शेडचा नियम तू विसरली नसशील. फळीवर ठेवलं ते गावाचं झालं, उचललं त्याचं झालं, परत मागायचं नाही. आपल्या गावात चर्च बदलणाऱ्याला लोक माफ करतात, पण शेडमधली वस्तू परत मागणाऱ्याच्या नातवंडांनाही टोमणे ऐकावे लागतात. मी धावत पोचलो तोवर जाकीट उचललं गेलं होतं. आणि उचललं कुणी? मॅनी सिल्वियानं. तोच, तुझ्या वर्गातला, कालवं काढणारा. अजून कालवंच काढतो, अजून एकटाच आहे.

त्याच संध्याकाळी तो ते घालून खाडीच्या तोंडाशी माझ्यापासून चाळीस पावलांवर उभा राहिला. मी जावयानं दिलेल्या नव्या जाकिटात होतो. (एकोणीस चेनी आहेत. हात हलवला की चिप्सची पुडी फोडल्यासारखा आवाज होतो.) मॅनीला तीन बास लागले, मला शेवाळ. तिसरा मासा पाण्यात सोडत तो ओरडला, "लेम्या, जादू आहे रे या जाकिटात! फक्त आतला एक खिसा हट्टी आहे. रोज दोन थेंब तेल सोडतोय. उघडेल आज ना उद्या." तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. (वारा पडला. पुन्हा बघून आलो.)

मॅनीची एक चांगली खोड आहे. शेडमधून काही उचललं की त्या जागी तो आपली एक वस्तू ठेवतोच. मी डोकं लढवलं. बदल्यात जाकीट ठेवेल या आशेनं माझी झुलती खुर्ची नेऊन ठेवली. मॅनीनं ती नेली आणि एक वल्हं ठेवलं. मी रेडिओ ठेवला. त्यानं तो नेला आणि तळ नसलेली बादली ठेवली. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. आता तो संध्याकाळी माझ्या खुर्चीत बसून, माझं जाकीट घालून, माझ्या रेडिओवर भरतीच्या वेळा ऐकतो.

शनिवारी मात्र देव पावला असं वाटलं. मॅनी एक जुना फ्रीज उतरवायला डेपोवर आला होता. उकडत होतं, म्हणून त्यानं जाकीट शेडच्या खुंटीला अडकवलं. मी झडप घालून ते अंगात चढवलं आणि "उचललं त्याचं झालं!" असं ओरडलो. मग न्यायनिवाड्याला शेड सांभाळणाऱ्या ब्यूला एल्ड्रिजबाई आल्या. वय एक्याऐंशी, हातात काठी. त्यांनी खुंटीकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "खुंटी म्हणजे फळी नव्हे. काढ, लेम्युएल." सात माणसांसमोर काढावं लागलं. एकूण आठ मिनिटं माझ्या अंगात होतं, त्यातली सात मी बटणाशी झटत होतो. मॅनी बघत होता. "आहे तरी काय रे त्या खिशात?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, काही नाही. "मग एवढा घाम कशाला?" चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

असो. पाणी चढायला लागलंय, आवरतं घेतो. उन्हात फिरू नकोस, आणि या भावावर आहे तेवढी माया पुढचं वाचूनही राहू दे.

तुझा,
लेम

ता. क. ताई, आता खरं सांगतो. एक्याऐंशी सालच्या मे महिन्यात मॅनीनं तुला द्यायला माझ्याकडे एक पाकीट दिलं होतं. मी घरीच निघालो होतो, पण पुलाखाली पाणी नुसतं उकळत होतं, इतके मासे. छातीपर्यंत आत शिरायचं म्हणून पाकीट सगळ्यांत वरच्या, कोरड्या खिशात ठेवलं आणि बटण लावलं. आठवलं तेव्हा हॅरल्डची अंगठी तुझ्या बोटात होती. मग सांगायची वेळ निघून गेली, आणि दरवर्षी थोडी जास्तच गेली. त्या वसंतात तू मला दोनदा विचारलं होतंस, "मॅनी काही म्हणाला का?" आणि मी म्हटलं होतं, "मासे आलेत म्हणाला." मला फार लाज वाटते, ताई. तर विनंती एवढीच, की त्याचा फोन आला तर 'पत्र मिळालं होतं, विचार करूनच गप्प राहिले' असं सांग. एवढं खोटं धाकट्या भावासाठी बोल.

ता. ता. क. वरचं बोलू नकोस. मॅनी आत्ता येऊन गेला. तेल लागू पडलं. पाकीट त्यानं टेबलावर ठेवलं. शाई सगळी पसरलीय, वाचता येतं ते फक्त 'विनी'. मला वाटलं हात उचलेल. पण तो खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "ती अजून लिंबू न पिळता कालवं खाते का रे?" मला ठाऊक नव्हतं. चव्वेचाळीस वर्षांत मी तुला हे विचारलंच नाही. जाताना त्यानं जाकीट काढून माझ्या खांद्यावर टाकलं. "घे. माझं काम झालं."

जाण्याआधी इथेच बसून त्यानं नवं पत्र लिहिलं, ते सोबत आहे. लोइस मला टपाल कचेरीत घेऊन निघाली आहे. छडी घरीच ठेवायची आणि पुलावरून जायचं नाही, असं तिनं बजावलंय. उत्तर द्यावंसं वाटलं तर थेट त्याच्या पत्त्यावर दे. माझ्याकडे देऊ नकोस, मासे ऑक्टोबरपर्यंत आहेत.