दोन बुधवार

१५ जानेवारी २०२५, बुधवार

जुडिथशी भांडले. सगळ्यांसमोर, चहाचा कप हातात असताना!

विषय काय, तर मेसेज. आपली 'विचारपूस' संस्था आता दर बुधवारी दोन जागी बसते — भाईंदर पश्चिम आणि मीरा रोड — आणि पुढच्या महिन्यात इंद्रलोकला स्वतःचं केंद्र. घरचं कोणी गमावलेली माणसं चारशेच्या वर. गुजराती, उर्दू, भोजपुरी, कोकणी, काय हवं ते. प्रत्येकाने आपल्या भाषेत रडावं, बाकीच्यांनी ऐकावं, उपदेश करू नये — एवढंच आपलं काम. आणि एक नियम: दोन बुधवार जो आला नाही, त्याच्या घरी जायचं. पण चारशे घरांचे जिने कोण चढणार? म्हणून क्षितिजाने — आपली पहिली पगारी मुलगी, हुशार आहे — फोनवर सोय केली. गैरहजर माणसाला आपोआप मेसेज जातो, पाच भाषांत.

जुडिथ म्हणाली, "मेसेजला हात हाय काय, दार वाजवायला?"

मी म्हटलं, तुला संस्था वाढायला नकोच आहे, तू अजून बाजारात मासळीची पाटी घेऊनच बसली आहेस. बोलायला नको होतं. तिने कप विसळून ठेवला आणि गेली.

१६ जानेवारी

तिच्या त्या पाटीवरूनच तर सगळं सुरू झालं. सुभाष गेले त्या वर्षी मी घराबाहेर पडत नव्हते. दर बुधवारी जिच्याकडून सुकी मासळी घ्यायचे, ती बाई एक दिवस दारात उभी. माझं नावही तिला माहीत नव्हतं, विचारत विचारत आली होती. "दोन बुधवार आली न्हाय, म्हणून आले." आत येऊन जमिनीवर बसली. मग मी रडले. सुभाष गेल्यावर पहिल्यांदा.

नंतर आम्ही दोघी मिळून सुगंधाबेनकडे गेलो, तिचा मुलगा गेला होता. मग तिघी चौथीकडे. तेव्हा संस्था-बिंस्था काही नव्हतं.

फोन करायला हवा तिला. उद्या करते.

२२ जानेवारी, बुधवार

दिवसभर इंद्रलोकला. रंग, पंखे, पाटीवरची अक्षरं. पश्चिमेच्या बैठकीला जाणं जमलं नाही. फोनही राहिला.

२९ जानेवारी, बुधवार

आजही इंद्रलोक. सुतार आला नाही. डोकं फिरलंय.

३१ जानेवारी, शुक्रवार

देणगीदारांशी मीटिंग, घरूनच, लॅपटॉपवर. अकरा ते पावणेदोन! वॉचमनला इंटरकॉमवर बजावून ठेवलं होतं — कुरियर असो नाहीतर कोणीही असो, वर ४०२ला सोडू नको. एकदाही बेल वाजली नाही. त्यांनी विचारलं, तुमच्या संस्थेचं वेगळेपण काय? मी दोन बुधवारांची गोष्ट सांगितली. एक बाई डोळे पुसत होत्या. काम झालं!

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार — लॉबीत सुक्या मासळीचा वास येतोय, कोणी आणली? आमच्या विंगमध्ये मासे खाणारी मी एकटीच. बालंट माझ्यावर यायचं, म्हणून मीच आधी लिहून टाकलं — हो, वॉचमनने लक्ष ठेवायला हवं.

५ फेब्रुवारी, बुधवार

अखेर पश्चिमेला गेले. तर जुडिथ नाही! मागचे दोन्ही बुधवार होती म्हणे, नेमकी आज नाही. रुसली आहे, दुसरं काय. एक फोन नाही तिचा. मीही केलेला नाही म्हणा.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आजही नाही. सुगंधाबेन हळूच म्हणाली, "दो बुधवार हो गए. जाना नहीं है?" मी म्हटलं, ती काय परकी आहे? आपलीच आहे, राग उतरला की येईल. क्षितिजा म्हणाली, गैरहजर असलेल्या सगळ्यांना मेसेज गेलेत.

१३ फेब्रुवारी

जुडिथचं तारोडी काही लांब नाही. स्टेशनवरून बस, पुढे थोडं चालायचं. चपला घातल्या होत्या. मग वाटलं, नेहमी मीच का नमतं घ्यायचं? एकदा तिने यावं. चपला काढून ठेवल्या.

२३ फेब्रुवारी, रविवार

उद्घाटन झालं. शाली, नारळ, फोटो. भाषणात मी म्हटलं, आमची संस्था न आलेल्याच्या दारात जाते. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत जुडिथची खुर्ची राखून ठेवली होती. शेवटी तिच्यावर कोणीतरी हारांची परडी ठेवली.

२ मार्च, रविवार

क्रिस्टलचा फोन आला. जुडिथची मुलगी, कुवेतला असते. "आंटी, मम्मी गेली."

हार्ट. घरात एकटीच होती.

३ मार्च

पुरून आलो तिला. माझ्या चपलेला तिथली माती आहे. धुवायची हिंमत होत नाही.

५ मार्च, बुधवार

ख्रिस्ती लोकांचा राखेचा बुधवार, त्यांच्या उपासांचा पहिला दिवस. तारोडीला गेले. आता गेले! क्रिस्टलच्या कपाळावर राख होती. तिने मला चहा दिला, जुडिथच्याच कपात.

म्हणाली, "महिनाभर दम लागत होता तिला. मी रोज ओरडायचे, डॉक्टरकडे जा. तर बोलायची, दोन बुधवार झाले, आता शैला येलच. तिच्यासंगती जाईन."

मी फोन करू का त्यांना, असं क्रिस्टलने दोनदा विचारलं होतं. तर जुडिथ म्हणाली, सांगून आणायचं नसतं, आपला नियम हाय.

तो चहा मला संपवता आला नाही.

६ मार्च

क्षितिजाला विचारलं, जुडिथला निदान तो मेसेज तरी गेला होता का. तिने यादी उघडली. वरून खाली, खालून वर. नाव नव्हतंच. "ताई, त्या संस्थापक ना. ही यादी येणाऱ्यांची आहे, आपल्या लोकांची नाही." पोरगी रडायला लागली. तिचा काय दोष? यादी मीच तपासली होती, सही माझी आहे.

चारशे माणसांत एकटी जुडिथ राहिली. ती एकटी मेली आणि मी शाली घेत फिरत होते. हे लिहिल्याने काही हलकं होत नाही.

१२ मार्च, बुधवार

बैठकीला गेले नाही. मेलेल्या बाईवर राग येतोय, लाज वाटते पण येतोय. मी चुकले, शंभरदा चुकले. पण तू? तुला बाजारातून माझं घर पायाखालचं होतं. दम लागायच्या आधी एकदा येऊन शिव्या घालायच्या होत्यास! माझ्याकडेही तर कोणी विचारायला आलं नाही. मी दार उघडलं असतं गं. भांडण उंबऱ्यावरच संपलं असतं.

१७ मार्च, सोमवार

देणगीदारांनी मीटिंगच्या आधीच पाठवलेला करार अजून मिळाला नाही. कुरियरवाले म्हणतात, ३१ जानेवारीला आमचा माणूस गेटवरून परत गेला. खात्री करायला खाली जाऊन वॉचमनचं रजिस्टर उघडलं. कुरियरची ओळ होती. तिच्या खालच्या ओळीत जुडिथचं गोल अक्षर.

नाव: जुडिथ. कुठून: तारोडी. फ्लॅट: ४०२. काम: दोन बुधवार आली न्हाय. आत: ११.२०. बाहेर: १.४०.