दिव्याचा चेहरा

प्रिय दिव्या,

तुझा फोन बंद, मावशीच्या फोनवरही येत नाहीस, म्हणून लिहून पाठवतेय. इकडं निपाणीत सगळे बरे आहेत. आई मंदिरात जाते, पण बायकांत बसत नाही. दर्शन घेऊन लगेच परत येते.

तू लोंढ्याला मावशीकडं गेल्यावर मी पुन्हा पोलीस ठाण्यात गेले होते. तुझा चेहरा दुसऱ्याच बाईच्या अंगाला चिकटवून केलेला तो व्हिडिओ पहिल्या वेळी पोलिसांनी नेटवरून काढून टाकायला लावला, तेव्हा मला किती हायसं वाटलं होतं! कायदा आहे, नोटीस गेली की ज्या कंपनीच्या साइटवर तो आहे तिला काढून टाकावाच लागतो, असं ठाण्यातले साहेब म्हणाले होते. पण थोड्याच दिवसांत तो दुसऱ्या नावानं कोल्हापूरच्या एका ग्रुपवर आला. साहेब माणूस भला. या वेळी म्हणाले, "ताई, इथलं आम्ही काढून टाकतो. पण टाकणारा कुठल्या देशात बसलाय तेच कळंना. तिथं आमचा हुकूम कोण ऐकणार?" माझ्याकडं न बघता त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. सरकारचेच हात तोकडे पडलेले बघून मी तशीच घरी आले. आता फोन वाजला तरी उचलायचं धाडस होत नाही. बाजारात कुणी मोबाइलकडं बघून हसलं की वाटतं, तेच बघतोय.

मावशी सांगत होती, तू जेवत नाहीस, आणि संध्याकाळी एकटीच स्टेशनाच्या पार टोकाला जाऊन उभी राहतेस. का गं, दिव्या?

जाताना तू एकच मागितलंस, आप्पांना दिसू देऊ नको. ते माझ्या हातात राहिलं नाही. काल आप्पांच्या तंबाखूवाल्यांच्या ग्रुपवर कुणीतरी तो टाकला. आप्पा वखारीतून आले ते चपला न काढताच आत आले. आईला म्हणाले, "माझ्या लेकीचा चेहरा चोरलाय गं कुणीतरी." मग ग्रुपवर स्वतःच्या आवाजात बोलले, "ही माझी दिव्या. व्हिडिओ खोटा हाय. ज्यानं पाठवला त्यानं माझ्या दारात येऊन सांगावं." कुणी आलं नाही.

उद्या तो आणखी कुठं निघेल, कोण जाणे. कायमचा पुसला जाईल असं खोटं मी सांगणार नाही. पण तुला ज्याची सगळ्यात भीती होती ते होऊन गेलंय, आणि आप्पा रागावलेले नाहीत. घाबरलेत. तू स्वतःचं काही बरंवाईट करून घेशील म्हणून. हे पत्र घेऊन तेच आलेत. तू वाचत असशील तेव्हा मावशीच्या अंगणात उभे असतील. तुला समोर यायला अवघड वाटेल म्हणून आधी पत्र आत पाठवतो म्हणाले. बाहेर ये गं.

तुझीच आक्का,
राजश्री